करंज तेल खरजेवर चालतं का, हे तपासायचं कसं?

द्रव्यगुण_पीजी

नमस्कार. एमडी आयुर्वेदच्या प्रबंधासाठी खरजेवर करंज तेल आणि निंबपत्राचा काढा हा विषय घेतला आहे. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) एथिक्स कमिटीपुढे ठेवायचा आहे. त्याआधी इथल्या जाणकारांनी त्यातल्या फटी दाखवून द्याव्यात, ही विनंती.

सध्याचा आराखडा दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा प्रयोगशाळेतला. सशाच्या कानातल्या खपल्यांमधून माइट (त्वचेवर जगणारे अतिसूक्ष्म जीव, खरूज त्यांच्यामुळेच होते) काढायचे, चार पेट्री डिशमध्ये दहा-दहा ठेवायचे. एकीत करंज तेल, दुसरीत काढा, तिसरीत ५ टक्के पर्मेथ्रिन (खरजेवरचं नेहमीचं औषध), चौथीत साधं पाणी. दर अर्ध्या तासाने मेलेले मोजायचे आणि ३ तासांनी थांबायचं.

दुसरा टप्पा ओपीडीत. 'पामा' (आयुर्वेदातलं खरजेचं नाव) निदानाचे ६० रुग्ण घ्यायचे. ३० जणांना सात दिवस करंज तेल, ३० जणांना एकदा पर्मेथ्रिन. सातव्या दिवशी ० ते १० च्या पट्टीवर कंड विचारायचा आणि पुरळाला गुण द्यायचे. तेल जवळच्या घाण्यावरून आणणार आहे.

सशाचे माइट चालतील का? पाण्याचा कंट्रोल (तुलनेचा गट) पुरेसा आहे का? आणि ३०-३० रुग्णांवर निष्कर्ष काढता येईल का?

परजीवी_पशुवैद्य

डॉक्टर, पहिल्या टप्प्यापुरतं सांगतो. यातली सगळ्यात मोठी फट पाण्याच्या कंट्रोलची आहे.

खरजेचा माइट सार्कोप्टिस. त्याला श्वासाची वेगळी छिद्रं नसतात, तो अंगाच्या पातळ आवरणातूनच श्वास घेतो. त्याच्यावर शेंगदाण्याचं रिफाइंड तेल ओतलं तरी हालचाल मंदावते आणि बरेच मरतात. म्हणजे पाण्याशी तुलना केली तर करंजाचा गुण दिसेल की नुसत्या तेलाच्या थराचा, हे कळणारच नाही. म्हणून निदान पाच गट ठेवा: काहीही न लावलेला, लिक्विड पॅराफिन, रिफाइंड शेंगदाणा तेल, करंज तेल आणि पर्मेथ्रिन. बेंझिल बेंझोएट (खरजेचं दुसरं औषध) २५ टक्के सहावा ठेवलात तर उत्तम. करंज तेल नुसतं १०० टक्के वापरू नका. लिक्विड पॅराफिनमध्ये ५०, २५ आणि १२.५ टक्के करून बघा. प्रमाण घटवलं की मृत्यू घटत गेले पाहिजेत. सगळ्या प्रमाणांना आकडा सारखाच येत असेल तर मारणारा करंज नाही, तेल आहे. काढा आणि अर्क यांनाही हेच लागू. अर्क डीएमएसओ किंवा ट्वीन ८० अशा विरघळवणाऱ्या रसायनांमध्ये मिसळणार असाल, तर तेवढ्याच डीएमएसओ-ट्वीनचा रिकामा कंट्रोल हवा.

आता सशाचा प्रश्न. सशाच्या कानात बहुतेक वेळा सोरॉप्टिस हा वेगळा माइट सापडतो. तो आकाराने मोठा, हाताळायला सोपा, खपलीत ढिगाने मिळतो, म्हणून सगळ्यांना आवडतो. पण तो कातडीच्या वरच राहतो, बोगदा करत नाही. सार्कोप्टिसची मादी त्वचेच्या वरच्या मृत थरात बोगदा करून आत बसते. डिशमध्ये दोघेही उघडे असतात, त्यामुळे सोरॉप्टिसवरचा निकाल औषधाला झुकतं माप देतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाय बघा. सोरॉप्टिसच्या पुढच्या पायांवरच्या चोषकाचा दांडा लांब आणि सांधे असलेला, सार्कोप्टिसचा बिनसांध्याचा. हे न तपासता प्रबंधात 'स्केबीज माइट' लिहिलंत तर पहिलाच परीक्षक अडवेल.

सार्कोप्टिस हवे असतील तर लूत लागलेल्या शेळ्या गाठा. ओठांभोवती, डोळ्यांच्या कडेला, कानाच्या पाळीवर खपल्या जाड असतात. निदानासाठी ब्लेडला लिक्विड पॅराफिन लावून, बारीक रक्त पाझरेपर्यंत खरवडायचं असतं. पण जिवंत माइट हवे असतील तेव्हा पॅराफिन लावू नका, कारण तेच त्यांना अर्धमेलं करतं. कोरडी खपली काढा, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, त्याच दिवशी वापरा. यजमानाच्या अंगावरून सुटलेला सार्कोप्टिस खोलीच्या तापमानाला साधारण २४ ते ३६ तास टिकतो, आणि शेवटचे तास तो मरायलाच टेकलेला असतो. खपली डिशमध्ये घेऊन दिव्याच्या उबेत ३० ते ३५ अंशांवर ठेवली की माइट बाहेर चालत येतात. बारीक सुईने किंवा काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने उचला. प्रौढ मादी आणि लहान अवस्था वेगळ्या नोंदवा. हातमोजे घाला. जनावरांचा माइट माणसात टिकत नाही, पण काही दिवस खाज देतो.

मांडणी अशी करा. व्हॉटमन नंबर १ चा गाळणकागद डिशच्या मापाचा कापून त्यावर ०.३ मिली औषध सारखं पसरा. दहा मिनिटं थांबा आणि सुट्टं तेल दुसऱ्या कागदाने टिपून घ्या. तळ्यात बुडून मेलेला माइट काहीच सिद्ध करत नाही. प्रत्येक डिशमध्ये १० माइट, प्रत्येक प्रमाणाच्या ५ डिश, आणि हे सगळं निदान तीन वेगवेगळ्या शेळ्यांच्या माइटवर. एकाच डिशमधले दहा माइट म्हणजे दहा स्वतंत्र नोंदी नव्हेत, हिशेबाचा एकक डिश धरा. तापमान २५ अंश ठेवा. आर्द्रतेसाठी बंद डब्यात खाली मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे. त्याने आत साधारण ७५ टक्के आर्द्रता राहते. मुंबईच्या पावसाळ्यात आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये उघड्या टेबलावर केलेल्या चाचण्या एकमेकींशी कधीच जुळणार नाहीत.

३ तासांवर थांबू नका. पर्मेथ्रिनचा परिणाम सावकाश दिसतो, तिसऱ्या तासाला त्या डिशमध्ये चालणारे माइट असू शकतात. तिथेच कागद मिटलात तर वनस्पती जिंकली असं दिसेल आणि ते खरं नसेल. १५ मिनिटं, अर्धा तास, १, २, ४, ८ आणि २४ तास, अशा नोंदी घ्या. सुईने हळूच टोचल्यावर पाय हलत नाहीत आणि आतड्याची हालचालही दिसत नाही, तोच मेला. न हलणारे माइट स्वच्छ कोऱ्या कागदावर हलवा आणि पुन्हा बघा. सुगंधी तेलांनी गुंगलेले माइट उठून चालू लागतात. मोजणाऱ्याला डिशवरचा कोड फक्त दिसावा, औषधाचं नाव नाही.

कंट्रोलमध्येही काही मरतातच, म्हणून ॲबटची दुरुस्ती करा: (औषधातले टक्के − कंट्रोलमधले टक्के) ÷ (१०० − कंट्रोलमधले टक्के) × १००. औषधात ८० आणि कंट्रोलमध्ये २० मेले तर खरा आकडा ७५ टक्के. कंट्रोलमध्येच २० टक्क्यांहून जास्त मेले तर ती फेरी रद्द करा आणि ताज्या खपल्या आणा.

राहिली अंडी. ती फारसं कुणी तपासत नाही आणि पुढचा उपचार त्यांच्यावरच अडतो. खपलीतली अंडी वेगळी काढून औषधाच्या कागदावर ठेवा, ३५ अंशांवर रोज बघा. न लावलेली अंडी ३-४ दिवसांत फुटतात, ५ दिवसांपर्यंत नोंद ठेवा. शेळ्यांचे मालक तयार असले तरी त्यांची लेखी संमती आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या.

वनौषधी_परख

वरचं सगळं नीट झालं आणि बाटलीत करंजच नसला, तर प्रबंध वाया. आधी ओळख पक्की करा. द्रव्यगुणवाल्यांना हे सांगायला नको, पण सिनॉप्सिसमध्ये नुसतं 'करंज' लिहिलेलं फार दिसतं. करंज म्हणजे पोंगामिया पिन्नाटा. लताकरंज म्हणजे सागरगोटा, तो सीसॅल्पिनिया. वावळ्यालाही काही ठिकाणी करंजाच्याच नावाने ओळखतात, त्याचं झाड पूर्ण वेगळं. ज्या झाडाच्या शेंगा घेतल्या त्याचीच फुलं-पानं असलेली फांदी दाबून हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) द्या आणि नमुना क्रमांक घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभाग कार्यालय आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे.

घाण्याचं तेल घ्या, पण घाणा आपल्या बियांसाठी रिकामा आणि पुसून घेतलेला असावा. आधीच्या फेरीचा शेंगदाणा किंवा तीळ त्यात उतरतो. संपूर्ण अभ्यासाला पुरेल एवढं तेल एकाच खेपेत काढा, गडद काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा, वर तारीख आणि खेप लिहा. दर महिन्याला ॲसिड व्हॅल्यू आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल खवट झालं का ते दाखवणारे आकडे) बघा. खवट तेल त्वचेला झोंबतं आणि मग ती लाली 'पुरळ वाढलं' म्हणून नोंदली जाते. करंजिन हे करंजातलं द्रव्य एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून घ्या. बियाण्यागणिक ते बरंच बदलतं आणि त्या आकड्याशिवाय तुमचा प्रयोग दुसऱ्या कुणाला पुन्हा करता येणार नाही.

निंबाच्या काढ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो आराखड्यातून काढा. ॲझाडिराक्टिन हे निंबातलं कीटकनाशक द्रव्य मुख्यतः निंबोळीच्या गरात असतं, पानात फार थोडं. उकळल्यावर ते टिकत नाही, आणि निंबाची लिमोनॉइड्स (कडू द्रव्यं) पाण्यात कमीच उतरतात. शिवाय काढा एक-दोन दिवसांत आंबतो, बुरशी धरतो. निंब घ्यायचाच असेल तर निंबोळी तेल घ्या. म्हणजे करंजाशी तुलनाही तेलाला तेल अशी होईल. निंबोळी तेल बाळांच्या पोटात गेलं तर यकृत आणि मेंदूवर गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. लहान मुलांच्या हातांना ते लावूच नका, हात तोंडात जातात.

करंज आणि निंब दोन्ही चरकाच्या कंडूघ्न गणात आहेत, म्हणजे कंड कमी करणं हा त्यांचा मान्य गुण. म्हणूनच कंडाच्या पट्टीवर ते चांगले दिसतील आणि माइट तरीही जिवंत असतील. दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजा.

द्रव्यगुण_पीजी

मनापासून आभार. काढा काढून टाकतो. सार्कोप्टिससाठी पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलतो. एक शंका: निंब आणि हळदीच्या लेपाचा १९९२ सालचा अभ्यास सगळेच उद्धृत करतात, ८१४ रुग्ण आणि ९७ टक्के बरे. तसंच खुलं, एकाच गटाचं काम मोठ्या संख्येवर केलं तर चालणार नाही का?

त्वचारोग_ओपीडी

तो अभ्यास मौलिक आहे, कारण तो स्वस्त उपायाकडे लक्ष वेधतो. पण त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता. रोज अंगाला लेप चोळायचा, मग धुऊन काढायचा, घरातल्या सगळ्यांनी एकदम करायचं. एवढ्यानेच वरच्या थरातले काही माइट आणि पुष्कळशी खाज जाते. ९७ मधले किती निंबाचे, किती हळदीचे आणि किती चोळण्या-धुण्याचे, हे त्या रचनेतून सुटत नाही. ८१४ च्या जागी आठ हजार घेतले तरी सुटणार नाही.

आता तुमच्या रुग्णांकडे येऊ. 'पामा' हा निकष धरू नका. त्या नावाखाली ओपीडीत खरूज, इसब, नायटा, कीटकदंश सगळं येतं. नायटा बुरशीचा, त्याचा माइट मारण्याशी काहीच संबंध नाही. स्केबीजसाठी २०२० चे आंतरराष्ट्रीय निकष वापरा: पक्कं निदान, वैद्यकीय निदान आणि संशयित अशा तीन पायऱ्या आहेत, त्यातल्या पहिल्या दोनच घ्या. रात्री वाढणारी खाज, घरात आणखी कुणाला खाज, बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवती आणि पुरुषांत जननेंद्रियावर पुरळ, हे सगळं नोंदवा. डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) मिळवाच. बोगद्याच्या टोकाला माइटचा पुढचा भाग छोट्या गडद त्रिकोणासारखा दिसतो. खरवडून काहीच सापडलं नाही तर निदान चुकलं असं समजू नका. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर सरासरी १०-१५ माद्याच असतात.

स्टेरॉइडयुक्त मलम लावून आलेले रुग्ण हा आपल्याकडचा मोठा घोळ आहे. क्लोबेटासॉल असलेली मिश्रणं चिठ्ठीशिवाय मिळतात. त्यांनी पुरळ दबतं, खरूज पसरत राहते आणि चित्र ओळखू येत नाही. मागच्या चार आठवड्यांत काय लावलं ते ट्यूब घेऊन यायला सांगून तपासा आणि असे रुग्ण वगळा. कवच धरलेली खरूज, पू झालेले फोड, ताप, गर्भवती, लहान बाळं यांनाही वगळा आणि लगेच प्रमाणित उपचार द्या. पिकलेल्या खरजेतले स्ट्रेप्टोकोकस मूत्रपिंडाला त्रास देतात, तिथे प्रयोगाला जागा नाही.

सातव्या दिवशी कंड मोजून निकाल लावू नका. माइट पूर्ण मेले तरी त्यांची विष्ठा आणि अवशेष त्वचेत राहतात, खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. उलट, तेलाने खाज शमते आणि माइट पुढे चालत राहतात. मुख्य निकाल २८ व्या दिवशी ठेवा: नवा पुरळ नाही, नवा बोगदा नाही, डर्मोस्कोपीत माइट नाही. मधली तपासणी १४ व्या दिवशी. कंड दुय्यम म्हणून लिहा.

पर्मेथ्रिन एकदाच देऊन तुलना करणं अन्यायाचं आहे. मानेपासून तळपायापर्यंत, प्रौढाला साधारण ३० ग्रॅम, ८ ते १४ तास ठेवून धुवायचं आणि ७ ते १४ दिवसांनी पुन्हा. अंड्यांतून निघालेल्यांना मोठं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, दुसरी फेरी त्यांच्यासाठी असते. करंज तेलाची मात्राही अशीच मिलीमध्ये ठरवा, 'पुरेसं लावा' असं लिहू नका. नखांखाली, बेचक्यांत, बेंबीत, कमरेच्या नाडीच्या जागी लावलं का हे तक्त्यावर खूण करून घ्या. हात धुतले की हातांना पुन्हा लावायचं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ४८ तास बघा.

घरातल्या सगळ्यांवर एकाच दिवशी उपचार झाला नाही तर दोन्ही गट नापास होतील आणि दोष औषधाला जाईल. खाज नसलेल्यांनाही धरा, पहिल्यांदा लागण झालेल्याला चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा. धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून निदान तीन दिवस ठेवा.

एथिक्स कमिटी एक प्रश्न नक्की विचारेल: चालणारं औषध असताना रुग्णाला न तपासलेलं का द्यायचं? उत्तर तयार ठेवा. १४ व्या दिवशी नवा पुरळ दिसला की त्याच दिवशी मोफत प्रमाणित उपचार, असं कलम प्रोटोकॉलमध्ये आणि संमतीपत्रात मराठीत स्पष्ट हवं. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून आधीची नोंदणी सक्तीची आहे, मागाहून होत नाही.

आकडेमोड

३०-३० चं उत्तर: नाही.

उदाहरण घ्या. पर्मेथ्रिनने ३० पैकी २७ बरे, करंजाने ३० पैकी २३. फिशर ही सांख्यिकी चाचणी लावली तर पी (फरक नसतानाही असे आकडे योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ च्या बरंच वर येतं. मग प्रबंधात लिहिलं जातं, 'दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही, म्हणून करंज तेल पर्मेथ्रिनइतकंच गुणकारी.' प्रत्यक्षात न बरे झालेले ३ आणि ७, म्हणजे दुपटीहून जास्त. फरकाचा ९५ टक्के विश्वासाचा पल्ला काढला तर करंज ५ टक्क्यांनी सरस असण्यापासून ३२ टक्क्यांनी कमी पडण्यापर्यंत काहीही शक्य आहे. फरक सापडला नाही याचा अर्थ दोन्ही सारखे असा होत नाही.

'कमी नाही' असं दाखवायचं तर नॉन-इन्फिरिऑरिटी रचना हवी. दोन्हींनी ९० टक्के बरे होतील असं धरा, १० टक्क्यांपर्यंतची घट चालेल असं आधीच लिहा, एकतर्फी २.५ टक्के चूक आणि ८० टक्के पॉवर (खरी गोष्ट चाचणीत सिद्ध होण्याची शक्यता). गणित: (१.९६ + ०.८४)² × २ × ०.९ × ०.१ ÷ ०.१² = प्रत्येक गटात १४१. पंधरा टक्के गळती धरली की १६६. चिठ्ठ्या रुग्णाच्या नावाने न काढता घराच्या नावाने काढा, एका घरात दोन औषधं गेली की सगळं मिसळतं. प्रत्येक घरातला एकच रुग्ण हिशेबात धरलात तर संख्या एवढीच राहते. घरातले सगळे मोजायचे तर वाढवावी लागेल: सरासरी ४ जण आणि घरांतर्गत साम्य ०.२ धरलं तर १ + (४ − १) × ०.२, म्हणजे १.६ पट.

एका पीजीला ३३२ घरं झेपणार नाहीत हे उघड आहे. म्हणून प्रबंधाचा दावा लहान करा. प्रयोगशाळेचा टप्पा पूर्ण ताकदीने करा, तोच मुख्य ठेवा. ओपीडीचा भाग 'व्यवहार्यता अभ्यास' म्हणून नोंदवा: किती जण तेलाच्या वासासकट दुसरी फेरी पूर्ण करतात, किती घरं २८ व्या दिवशी परत येतात, किती जणांची त्वचा झोंबते. हे आकडे खरे आणि उपयोगी असतात, आणि पुढची मोठी चाचणी त्यांच्यावरच आखली जाते.

द्रव्यगुण_पीजी

दावा लहान करण्याचं गाइड सरांना पटेल असं वाटतं. शेवटची शंका: करंज तेलाचा वास आणि रंग लपत नाही. मग तपासणाऱ्याला गट कळणारच ना?

त्वचारोग_ओपीडी

रुग्णाला कळेल, त्याला इलाज नाही. तपासणाऱ्याला कळू देऊ नका. औषध देणारी आणि लावायला शिकवणारी व्यक्ती वेगळी, २८ व्या दिवशी तपासणारी वेगळी. रुग्णाने त्या दिवशी साबणाने आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायचं आणि औषधाबद्दल बोलायचं नाही, हे नर्सने दाराशीच सांगायचं. ठरलेल्या सहा जागांचे डर्मोस्कोपी फोटो काढून, नावाऐवजी कोड टाकून, दुसऱ्या डॉक्टरांकडून स्वतंत्र वाचून घ्या. तपासणी संपल्यावर तपासणाऱ्याला 'कोणता गट वाटला?' असं विचारून तेही नोंदवा. निम्म्याहून फार जास्त वेळा बरोबर ओळखलं असेल, तर ब्लाइंडिंग (तपासणाऱ्यापासून गट लपवणं) टिकलं नाही असं प्रबंधात लिहा.

परजीवी_पशुवैद्य

शेळ्यांच्या खपल्या आणाल त्या दिवशी पर्मेथ्रिनची आणि न लावलेली डिश आधी लावून बघा, बाकीच्या मांडण्याआधी. न लावलेल्या डिशमध्ये दोन तासांतच माइट आखडायला लागले तर खपली शिळी किंवा तापलेली आहे. गाडीच्या डिकीत डबी ठेवली की असंच होतं. शर्टाच्या आतल्या खिशात आणा, पण डबीला दुहेरी झिप पिशवी घालून.

द्रव्यगुण_पीजी

सुधारलेला आराखडा आणि डिशचा नोंदतक्ता इथेच टाकतो. तक्त्यात शेळी क्रमांक, डिश कोड, अवस्था, वेळ, हालचाल आणि कोऱ्या कागदावर हलवल्यानंतरची स्थिती असे रकाने करतो आहे. काही राहिलं असेल तर सांगा.

वनौषधी_परख

तेलाचा खेप क्रमांक आणि बाटली उघडल्याची तारीख.